मालकांकडे तक्रार

सांगू की नको, असं झालंय बघा! पण मी नाही सांगितलं तर आमची सई सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. त्यापेक्षा बातमी थेट आरोपीच्या तोंडूनच ऐका.

सई, माझी मुलगी, डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकजवळ नोकरी करते. मी निवृत्त वार्ताहर, भर थंडीत तिच्याकडे गेलो होतो. जवळच्या विकलो नावाच्या डोंगरात बर्फ पडलाय म्हणताच माझे पाय शिवशिवायला लागले. तिथल्या एका हटपासून, म्हणजे मुक्कामाच्या खोपटापासून, दुसऱ्या हटपर्यंत पायी जायचं. तेही एकट्याने!

"बाबा, तिथली हट म्हणजे नुसती शेड असते हं."

"उभा सह्याद्री पालथा घातलाय मी. मला शिकवू नकोस!"

"बरं. पण 'सई, न्यायला ये' असा एक जरी फोन आला, तर एकट्याने फिरणं कायमचं बंद."

"मंजूर!"

दुपारी पहिली हट गाठली. तीन भिंती! चौथी कुठाय? त्या बाजूने बर्फ आत शिरून माझ्याआधीच झोपायच्या फळीवर ऐसपैस बसलेला. अंग गारठलं, डोकं तापलं. फोन करू? छे! मेलो तरी करणार नाही.

तसाच उतार उतरलो. खाली एक घर दिसलं. दार सताड उघडं. दारात चिखलाचे बूट, डोंगरात चालायच्या काठ्या भिंतीला टेकवलेल्या, आतून हसण्याचे आवाज. लगेच ओळखलं, ट्रेकर लोकांची खानावळ! आपल्याकडे किल्ल्याच्या पायथ्याला मावशी पिठलं-भाकरी देतात ना, तशी.

"या, या, आत या!" लाल गालांच्या एका गृहस्थाने हात हातात घेतला. "गारठलात हो. चहा?"

चहा आला, सँडविचं आली. कोण, कुठले, कुणी विचारलं नाही. हे एक आवडलं. पण पोटात ऊब गेली की माझ्यातला वार्ताहर जागा होतो. वरची हटही या खानावळवाल्यांचीच असणार!

"मालक कुठे आहेत?" मी गरजलो.

गृहस्थांचा आवाज एकदम हळू झाला. "आतल्या खोलीत. जा ना, भेटून या."

खोलीत अंधूक उजेड, त्यात माझ्या चष्म्यावर वाफ. पलंगावर सूट घालून कोणी आडवं झालेलं. दिवसाढवळ्या!

"महाशय," मी सुरुवात केली, "तीन भिंतींना हट म्हणतात? माणसाने तिथे राहायचं की गोठायचं? जबाबदार कोण?"

मी पलंगाजवळ सरकलो.

"निदान डोळे तरी उघडा!"

तेवढ्यात चष्म्यावरची वाफ विरली. छातीवर जुळवलेले हात. बोटांत जपमाळ. उशाशी मेणबत्ती.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही हो! इथे मयताला भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायची रीत, किटली खाली उतरत नव्हती. मला कसं कळणार?

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. नोरा, मयत डेक्लन यांची पत्नी. सगळं ऐकलेलं.

"तुम्ही डेक्लनचे मित्र?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण जन्मभर खऱ्याची कास धरलेली! "नाही बाई. मला वाटलं ही खानावळ आहे. मी त्या हटची तक्रार करत होतो."

त्यांचे खांदे हलायला लागले. आता रडणार, या विचाराने मी पाणी पाणी झालो. तर बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना.

"मीही त्याला जन्मभर हेच सांगत आले! त्या हटला भिंत नाही, एकटा जाऊ नकोस. ऐकलं नाही कधी. तो डोंगरात, आणि मी इथे खिडकीत." त्यांनी डेक्लनच्या कोटाची बाही सारखी केली. "तुमच्यासाठी कोण बसलंय खिडकीत?"

"मुलगी."

मी बाहेर येऊन फोन लावला. "सई, न्यायला ये."

ती आली. तिने नोराबाईंना घट्ट मिठी मारली. परतताना गाडीत तिने डोळे पुसले.

"आता एकटे जाणार?"

"नाही गं." मग गप्प बसवेना. "पण काहीही म्हण, आयुष्यभर मंत्र्यांना जाब विचारला, एकानेही वाक्य पुरं करू दिलं नाही. माझं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेणारा हा पहिलाच."

सई हसली. "बाबा, घरात माणूस गेलाय ही बातमी सोडून तुम्ही सँडविचं खात बसलात. आणि म्हणे वार्ताहर!"