टेपमास्तरांचा गुडघा

"तुमचं पाऊल आखूड पडतंय. साहेबाला सांगा की एकदा!"

"सांगून काय करू? घरी बसून तुझं तोंड बघू?"

"बघा की! तीस वर्षांत बघितलंय कुठे?"

फळ्यांच्या भिंतीपलीकडे धाकटी जाऊ तोंड दाबून हसत होती. थोरल्या दीर-जावेची जुंपली की तिची करमणूक व्हायची. या भांडणाला आपण हसलो, हे पुढे तिला फार लागलं.

दीर नकाशाच्या कचेरीत मोजणीला होते. डोंगरांमधल्या त्या खोऱ्यात जंगल किती, झरे कुठे, दगड कसला, सगळं कागदावर उतरवायचं काम. उभ्या चढावर मोजणीची साखळी चालत नसे, तिथे दीर पावलं मोजत. शंभर पावलं म्हणजे पंचाहत्तर मीटर, खुशाल ताडून बघा. म्हणून सगळे त्यांना टेपमास्तर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे.

मग गुडघा गेला. शंभराच्या जागी सव्वाशे पावलं पडू लागली, आणि हे जुन्याच हिशेबाने वहीत मांडत राहिले. नोकरी जाईल ही धास्ती, दुसरं काय! लांबीही सव्वापट, रुंदीही सव्वापट, बघता बघता कागदावरचं जंगल दीडपट झालं. कागद बघून हुकूम निघाला, निम्मं तोडा, निम्मं राखा. तोडणाऱ्यांनी कागदाबरहुकूम तोडलं. डोंगरावर उरलं ते नावापुरतं.

दुसऱ्या पावसाळ्यात तो उतार खाली आला. पायथ्याची चार घरं गेली, माणसांसकट.

टेपमास्तरांना कुणी बोल लावला नाही. तेच त्यांना सोसेना. पलीकडच्या उताराचे आकडेही त्यांचेच होते, तिथे कुऱ्हाडी लागायला पंधरवडा उरला होता, आणि खाली अकरा घरं. दीर मापाची दोरी घेऊन एकटेच चढले. सहा दिवस बसत-उठत मोजलं आणि साहेबापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, जंगल एवढं नाहीच. पाय माझा खोटा."

साहेबांनी वही मिटून बाजूला ठेवली. "टेपमास्तर, हे लिहून दिलंत तर उद्यापासून तुम्ही इथे नाही. कळतंय ना?"

"कळतंय. घ्या लिहून."

त्याच दिवशी तोड थांबवायचा कागद निघाला. तोडणाऱ्यांच्या तळावर कागद पोचवायचं काम वर्षानुवर्षं दीरांचंच.

"दादा, आज दुसऱ्या कुणाला धाडा ना," घराच्या दारात धाकटी म्हणाली.

"दुसऱ्याला वाट कुठे माहितीये?" म्हणत त्यांनी बूट बांधले.

तळावर मुकादम खवळला. "आमच्या पोटावर उठलात की हो!"

"सही करा," दीर म्हणाले. त्याने सही केली. दिवेलागणीला पावती साहेबाच्या टेबलावर ठेवून त्यांनी कचेरीच्या खिडक्या शेवटच्या लावून घेतल्या.