रांग सरळ करणारे आफ्रिकाकाका

आफ्रिकाकाकांना वाकडी रांग सहन होत नसे. कात्रजला आमच्या सोसायटीसमोरच्या दूधकेंद्रावर लोक रांगेत पिशवी ठेवून फेरी मारायला निघत. काका ती पिशवी पायाने बाजूला सारत. "पिशवीला चहा लागत नाही, अहो. ज्याला लागतो त्याने उभं राहावं." लोक हसत, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने उभे राहत.

उभा जन्म आफ्रिकेत मदतकार्य केलेला माणूस, म्हणून सगळं माफ होतं. त्यांच्या सत्कारांत भाषणं झाली, त्यांतली बरीच माझी. 'भुकेल्यांना शिस्त देणारा माणूस' हे शब्दही माझेच. तिथे त्यांच्या हाताखाली मी धान्याचं गोदाम सांभाळत असे, त्यामुळे लोकांना ते पटे. आता काका गेले, आणि त्यांची मुलगी नीलिमा स्मरणिका काढते आहे. "जोशीकाका, बाबांचं रांगेचं वेड लिहा," ती म्हणाली. तेच लिहितो.

केनियाच्या उत्तरेला आमची छावणी होती. वाटपाच्या दिवशी बायका उजाडायच्या आत रांगेत दगड मांडत. ज्याला उभं राहवत नाही त्याचा दगड. त्याचं धान्य शेजारीण पोचवी. कुठला दगड कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असे. त्यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

एकदा देणगीदार यायचे होते. काकांनी सगळे दगड उचलून फेकायला लावले. मी म्हणालो, ही आजारी माणसं आहेत. "जोशी, दगडाला भूक लागत नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. फोटो सुरेख आले.

त्या दिवशी एक मुलगी माझ्या तराजूपाशी आली. तिची बहीण बाळंत होऊन तापाने पडली होती. बहिणीचा दगड इतरांबरोबर फेकला गेला होता. "मागे जाऊन उभी राहा," मी काकांच्याच सुरात सांगितलं. तिची पाळी येईपर्यंत गोदाम रिकामं झालं. पुढच्या वाटपाला ती बहिणीचं बाळ घेऊन आली. बहीण राहिली नव्हती. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तापाने गेली असेल. ताप काही आपण वाटत नाही."

मला हिवताप झाला तेव्हा याच माणसाने मला चमच्याने पेज भरवली. तेही खरं आहे. मी त्यांच्या ओळखीचा होतो.

पुढे पुण्यात त्यांचे गुडघे गेले. मग त्यांची दुधाची पिशवी मीच रांगेत ठेवू लागलो. ती कुणी हलवली नाही. काकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नीलिमाने हे सगळं माझ्यासमोर बसून वाचलं. मला वाटलं, कागद परत करेल.

"छापते," ती म्हणाली. "पण जोशीकाका, त्या बाईचं नाव घाला. नुसतं 'बहीण' काय?"

मी पाणी मागितलं. नाव काकांनी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.