आधी नवरीला विचारणारे विसूगुरुजी

लग्न ठरलेल्या घरी गेले की विसूगुरुजी पंचांग पिशवीतच ठेवायचे आणि आधी नवरीला समोर बसवून घ्यायचे. "बाई, लग्न तुझं आहे. कसं लावू, सांग मला." आई दारात घुटमळायची, बाप खाकरायचा; पण हा माणूस चहा पीत तासभर मुलीशीच बोलायचा. मग तिच्या सांगण्यातल्या गोष्टी घालून मंगलाष्टकं रचायचा.

मी त्यांच्यावर जळायचो, सरळच सांगतो. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी गावातल्या मस्तगड भागात राहायचो आणि आसपासची निम्मी लग्नं माझ्याकडे असायची. आवाज खणखणीत, विधी बिनचूक, मुहूर्त पळभर चुकायचा नाही. आणि हे गृहस्थ जांबहून आले, उच्चार बेताचे, गाताना धाप लागायची, तरी लोक त्यांनाच बोलवू लागले! कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "आमच्या गावचा एक नवरदेव 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाला, सगळ्या मुलखाला माहीत आहे. मंग आधी विचारून घेतलेलं बरं न्हाई का?" लोक हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका सोनाराची मुलगी पायाने अधू होती. सप्तपदीत चारचौघांदेखत लंगडावं लागणार, या धास्तीने ती लग्नालाच नाही म्हणत होती. गुरुजींनी आदल्या दिवशी नवरदेवाला बोलावून अंगणात दोघांना सात पावलं चालायला लावली, पुन्हा पुन्हा. "जल्दी करायची न्हाई. ती पाऊल टेकवील तेव्हाच तू टेकव." लग्नात दोघं इतकी बराबर चालली, की तिचा पाय कोणाच्या ध्यानातही आला नाही. ऐकून मी घरी फणकारलो, "शास्त्रात कुठे तालमी सांगितल्यात?" माझी मुलगी कमल भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली.

पुढे कमलचंच लग्न ठरलं. कन्यादान मी करणार, म्हणजे लग्न लावायला दुसरं कोणी हवं. परतूरच्या चुलतभावाला सांगावा धाडणार, तोच ती म्हणाली, "अण्णा, मला विसूगुरुजीच पाहिजेत." अख्खं गाव त्यांच्याकडे गेलं असतं तरी चाललं असतं, पण पोटची पोर!

गुरुजी आले. स्वयंपाकघरात दोघं बोलत बसली आणि मी ओसरीवर कान टवकारून. शब्द कळत नव्हते, पण कमल खळखळून हसली ते ऐकू आलं. माझ्याशी बोलताना ती तशी कधी हसली होती, मला आठवेना.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकांआधी गुरुजींनी कमलकडे वाकून मोठ्याने विचारलं, "नवरा पसंत आहे का गं?" मांडवात खसखस पिकली. कमल हसून म्हणाली, "हो!" माझं डोकंच फिरलं.

पंगती उठल्यावर मी त्यांना गाठलं. "हे कोणत्या ग्रंथात आहे, गुरुजी?"

"ग्रंथात न्हाई, शास्त्रीबुवा. तुमचंच आहे." ते पानाला चुना लावत होते. "पोरीला विचारलं, कसं लावू लग्न? म्हणाली, मी पाच वर्षांची असताना अण्णांनी माझ्या बाहुलीचं लावलं होतं, अगदी तसं. तुम्ही म्हणे बाहुलीला विचारलं होतं, नवरा पसंत आहे का गं? आणि हिनं तिच्या वतीनं हो म्हटलं होतं."

मला आठवलं. पाटावरची बाहुली, माझ्या पंच्याचा अंतरपाट, शेजारच्या पोरींनी टाकलेल्या अक्षता. एका बाहुलीसाठी मी अख्खी दुपार घालवली होती. त्यानंतर इतकी लग्नं लावली, पण एकाही नवरीला काही विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी गुरुजी गेले. लोक म्हणतात, आता तरी तुमची जळजळ थांबली असेल. बिलकुल नाही. ती दुपार कमलने तेरा वर्षं माझ्याच घरात जपून ठेवली होती, आणि ऐकून गेला तो माणूस.