पुष्पाअक्काचा अर्ज

धरणगावच्या तहसीलसमोर पुष्पाअक्का एकतीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करते. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत, पण तिचं कुठे अडलंय? समोरच्याशी बोलता बोलता बोटं चालूच. मी झुलाल, शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकतो.

यंदा तिच्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि नवी विंडोज त्या जुन्या मशीनवर बसेना. नाक्यावरचा कॉम्प्युटरवाला स्वप्नील आला. "अक्का, हा डबा मोडीत काढा. टाइप कोण करतं आता? लोक मोबाइलमध्ये बोलतात, तो लिहितो. माझ्या दुकानात या, फॉर्मला फोटो चिकटवायला."

पोरगा वाईट नाही हो, पण माझं डोकंच फिरलं! स्वतःच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने याच्याकडे डिंक लावायचा? अक्का एवढंच म्हणाली, "सोमवारी ये, मंग सांगसू."

रविवारी तिच्या बहिणीची मुलगी हेमांगी जळगावहून आली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पेनड्राइव्हवर लिनक्सचे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या प्रणालीचे, तीन-चार प्रकार घेऊन आलेली. सगळे फुकट, सगळे कायदेशीर, आणि मशीनमधलं काही न पुसता आधी चालवून बघता येणारे. तिने सगळ्यात देखणा लावला. अक्काने एक ओळ मारली. ती पडद्यावर उमटेपर्यंत माझी तपकीर ओढून झाली.

"रूप काय चाटू?" अक्का म्हणाली.

दुसरा, मिंट नावाचा, हलका निघाला. मशीन पळायला लागलं! पण अक्काने ‘महोदय’ मारलं आणि भलतंच काहीतरी उमटलं.

"मावशी, बटणांची मांडणी वेगळी आहे. महिन्याभरात सवय होईल."

"महिना? मना बोटेसले बठ्ठं पाठ शे! त्यासले आते नवी शाळा काब्र?"

बोटांना सगळं पाठ असताना नवी शाळा कशाला, हे ऐकून हेमांगी चिडली, पण उठली नाही. चहा गार झाला, जेवण राहिलं. शेवटी सेटिंगमध्ये रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरचीच मांडणी, सापडली. अक्काने पुन्हा ‘महोदय’ मारलं. बरोब्बर! मी तर टाळीच वाजवली. जुन्या फायली पेनड्राइव्हवर काढून घेतल्या आणि मिंट कायमचं बसवलं.

सोमवारी स्वप्नील आला आणि हसला. "फुकटची वस्तू, अक्का. बिघडली तर कुणाला धरणार?"

"माले धर. एकतीस वर्षं मना कागदले मीच जबाबदार शे."

असं म्हणून तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि टाइप करायला लागली. एकदाही खाली बघितलं नाही. प्रिंटरमधून कागद आला तसा त्याच्या हातात दिला. "वाच. जोरात वाच."

"विषय: आपल्या दुकानातील काम नाकारत असल्याबाबत." स्वप्नील वाचत गेला. "महोदय, माझे टेबल, माझे मशीन व माझे हात चालू स्थितीत आहेत. सबब मी कोठेही येणार नाही."

रांगेतली माणसं खदाखदा हसली. स्वप्नील कागदाची घडी घालून तो खिशात टाकायला लागला.

"खिशात काय टाकतोस?" अक्का म्हणाली. "आधी पोच दे. खाली सही कर."