हमीदभाईंची बाटली

काम आटोपलं की हमीदभाई आमच्या अंगणातल्या नळाखाली अंघोळ करायचे. बुलढाण्याची पौषातली थंडी, सूर्य कलला की दात वाजतात, पण त्यांचा नेम चुकला नाही. हात, दाढी, मान पुन्हा पुन्हा साबण लावून चोळायचे. कामाचे कपडे आमच्या जिन्याखाली ठेवून, धुतलेला पायजमा-सदरा चढवून मग देऊळघाटच्या ऑटोकडे निघायचे. मी गरम पाणी देऊ केलं तर म्हणाले, "गरम पाण्यानं वास उठते मॅडम. थंड्यानं बसते." नमाजाला जायचं असेल म्हणून करत असतील, अशी मी माझ्यापुरती समजूत घातली होती.

आम्ही तेव्हा घर बांधलं होतं. एका पाडलेल्या घराचे सागवानी दरवाजे मिळाले होते, आणि त्यांना लाखेचंच पॉलिश हवं, असा माझा हट्ट होता. सुतार म्हणाला, आता सगळे मशीननं फवारतात, काम झटपट होतं, चकाकतंही. लाखेचा माणूस एकच उरलाय, देऊळघाटला. दोन दिवसांनी हमीदभाई आले. साठीचे, सडसडीत, नखं कायमची तपकिरी. आल्या आल्या त्यांनी दारावरून हात फिरवला, तोही उलटा. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कारण विचारलं. "तळहात खोटं बोलते साहेब. मांगचा हात खरं सांगते."

लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्यानं ते ती लाख लाकडावर चढवत. पहिले काही दिवस तर दार होतं तसंच दिसायचं. मला धीर नव्हता. शाळेतून आले की मी आधी दाराकडे बघे, आणि ते न बघताच म्हणत, "लाखेले घाई नाही चालत. पातळ लावा, लय वेळा लावा." आभाळ आलं की मात्र सरळ हात पुसून बसायचे. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. ते म्हणायचे, "पाण्याची हवा लागली की लाखेले मोतीबिंदू होते." मी हसले होते. ते हसले नव्हते.

स्पिरिटची बाटली ते नजरेआड होऊ देत नसत. चहा पिताना ती पायाशी, नमाजाला गेले तरी पिशवीतून सोबत. संध्याकाळी उरलेलं स्पिरिट कुंपणाच्या भिंतीलगत मातीत ओतून टाकत. इतकं चांगलं स्पिरिट वाया घालवता, असं मी एका दुपारी बोलून गेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि सलीमबद्दल सांगितलं.

सलीम हा त्यांचा धाकटा भाऊ. दोघं मिळून काम करत. हमीदभाई लाख चढवायचे, शेवटचा हात सलीमचा. त्याच्यासारखी झळाळी आपल्याला कधीच साधली नाही, असं ते स्वतःच सांगत. या धंद्यातल्या काही लोकांना स्पिरिट पिण्याचा नाद लागतो. सलीमलाही लागला. हमीदभाईंनी मारलं, शपथा घातल्या, दर्ग्यावर नेलं. एका दुपारी दोघं भाऊ घरीच होते. सलीम खाटेवर झोपला होता. उन्हानं अंगण नुसतं पेटलं होतं. उठून बसला आणि विचारू लागला की भाई, इतका अंधार पडला तरी दिवा काऊन नाही लावला?

"मी दिवा लावला मॅडम," हमीदभाई म्हणाले. "भर दुपारी. त्याले समजू नये म्हणून."

स्पिरिटनं नजर नेली ती परत आली नाही. सलीमची बायको माहेरी निघून गेली. हमीदभाईंची बायको आधीच वारली होती, मुलगी संग्रामपूरला दिलेली. घरात दोन भाऊ उरले. हमीदभाईंना दुसरं काम येत नव्हतं, आणि ते घरी आले की सलीम त्यांच्या अंगाचा वास घेत जवळ सरकायचा, घोटभर तरी दे म्हणून लहान मुलासारखा रडायचा. म्हणून ती नळाखालची अंघोळ.

त्या वर्षी ईदला आम्ही त्यांच्याकडे गेलो. सलीम खाटेवर बसला होता. देखणा माणूस, डोळे उघडे, स्वच्छ. मला म्हणाला, दाराला कसा रंग आला? मी सांगितलं, पिकल्या खजुरासारखा. "मधाचा पाह्यजे होता," तो म्हणाला. हमीदभाई शीरखुर्मा आणायला आत गेले, तसा तो पुढे झुकला. आवाज एकदम बारीक करून त्यानं विचारलं, "भाई बाटली कुठं ठेवते हो?"

हमीदभाई वाटी घेऊन उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी ऐकलं. वाटी भावाच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्याभोवती नीट बसेपर्यंत धरून ठेवली.

पावसाळ्याआधी ते आमच्या कपाटाच्या कामाला आले. तिकडे देऊळघाटला एका मंगल कार्यालयाचं रंगकाम चाललं होतं. शेजारीण जेवण देऊन गेल्यावर सलीम काठी घेऊन, भिंती चाचपत तिथवर पोचला. तिथल्या कोणीतरी गमतीनं म्हणा, दयेनं म्हणा, त्याला स्पिरिटची बाटली दिली. हमीदभाईंना आमच्याच घरी फोन आला. ते सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

आम्ही भेटायला गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "मी माझी बाटली सांभाळली मॅडम. गावभरच्या बाटल्या कशा सांभाळू?"

मग ते कामाला आलेच नाहीत. घर बंद करून मुलीकडे गेल्याचं कळलं. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी मला संग्रामपूरला जावं लागलं, तेव्हा बाजारामागचं तिचं घर शोधलं. हमीदभाई ओट्यावर बसले होते. इतके खंगले होते की आधी ओळखलंच नाही. मुलीनं चहा दिला आणि ती आत गेली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. मग आत पाहून, हळू आवाजात ते बोलले.

"एक गोष्ट कोणाले सांगतली नाही. सलीमले माती देऊन घरी आलो ना, तर पडल्या पडल्या झोप लागली. इतक्या वर्षांत तशी झोपलो नव्हतो. सकाळी उठलो तं हलकं वाटून राह्यलं होतं. सुटलो, असं वाटलं." त्यांनी पुन्हा आत पाहिलं. "माझ्या हातानं वाढवलेला होता तो, मॅडम. त्याच्या मरणानं मले झोप लागली. हे अल्ला माफ करन का?"

मी शिक्षिका आहे. रोज मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देते. माणूस थकतो, त्यात गुन्हा कसला, असं म्हणता आलं असतं. पण ते माझ्या तोंडाकडे ज्या आशेनं बघत होते, त्यापुढे ते वाक्य फार स्वस्त वाटलं. मग त्यांनीच मान वळवली आणि मला बसची वेळ झाल्याची आठवण करून दिली.

त्याच हिवाळ्यात मुलीचा फोन आला. अब्बा गेले म्हणाली. शेवटी शेवटी ते रात्र रात्र जागेच असायचे. आपणहून डोळे मिटायचे नाहीत, आणि चुकून लागला डोळा तर दचकून उठून बसायचे. डॉक्टरांच्या गोळ्याही थुंकून टाकायचे. असं का करत होते, तुम्हाला काही माहीत आहे का, असं तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.