टॉवेलांचं मतदान

तिला सगळे हरकतबाई म्हणायचे, आणि तिची त्या नावालाही हरकत होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत तिनं आयुष्य काढलं. इस्त्रीच्या रोलरमधून चादर बाहेर पडली की एक टोक तिनं धरायचं, दुसरं तिच्या धाकट्या जावेनं, आणि दोघींनी मिळून घडी घालायची. नवऱ्यांशी झाली नसतील एवढी भांडणं त्या दोघींची चादरीच्या दोन टोकांना धरून झाली असतील.

लॉन्ड्री आधी कामगारांचीच होती. प्रत्येकाचा एक हिस्सा आणि प्रत्येकाचं एक मत. पण मशिनच्या आवाजात सभा काय कपाळ घेणार? मग एक रीत पडली. कामाची पाळी संपली की घाम पुसलेला टॉवेल नाहीतरी धुवायलाच टाकायचा असतो. तेव्हा पडद्याआड दोन ट्रॉल्या लावायच्या, हो म्हणायचं असेल तर पांढरीत टॉवेल टाकायचा, नाही म्हणायचं असेल तर निळीत. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नसे. मॅनेजर नेमण्यापासून खिडकीला जाळी लावण्यापर्यंत सगळं असंच ठरायचं.

पुढे टॉवेलांवरून भांडणं लागली. माझा नवा होता, हिनं फाटका दिला, वगैरे. शेवटी सगळ्यांनी मिळून मागणी केली, की गिऱ्हाइकांच्या कपड्यांना असतो तसा इलेक्ट्रॉनिक टॅग आमच्याही टॉवेलांना शिवा. शिवला. धुलाईच्या दारातून टॉवेल आत गेला की तिथल्या स्क्रीनवर तो जिचा तिचं नाव उमटायचं. भांडणं मिटली. मतदानाचा विचार त्या वेळी एकीच्याही डोक्यात आला नाही, हरकतबाईच्यासुद्धा नाही.

मग लॉन्ड्री विकायची वेळ आली. एक घेणारा दारात उभा होता आणि भाव बरा देत होता. हरकतबाईनं घसा फोडला. "अगं बायांनो, हिस्सा विकला की मतही गेलं! मग बसा बोंबलत!" बाया म्हणाल्या, "आमचा हिस्सा, आम्ही विकू नाहीतर ठेवू. तुम्ही कोण सांगणार?" बोलणं खरंच होतं. धाकट्या जावेला घराचं छप्पर करायचं होतं, तिनंही विकला. अगदी रीतसर मतदान झालं, पांढरी ट्रॉली ओसंडून गेली, आणि लोकांनी लोकशाही मार्गानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नवा मालक दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. पण तो तरुण, हसतमुख, स्वतःचा चहा स्वतः करून घेणारा. "मला सर म्हणू नका, मावशी," म्हणायचा. "माझा स्वातंत्र्यावर विश्वास आहे. बाजार मोकळा असेल तरच माणूस मोकळा असतो. तुम्हाला पटत नसेल ते तोंडावर सांगा." तोंडावर सांगायला हरकतबाईला परवानगी कशाला लागते!

त्यानं पहिली गोष्ट काय ठरवली, तर घडीच्या टेबलाजवळची स्टुलं हलवायची. बसून काम रेंगाळतं, असं त्याचं म्हणणं. अहो, पण धाकट्या जावेच्या गुडघ्यांत राम उरला नव्हता. दोन चादरींमध्ये घटकाभर टेकायला मिळायचं म्हणून तर ती दिवस काढत होती. हरकतबाई तडक ऑफिसात गेली. मालक शांतपणे म्हणाला, "मग मत घेऊ या की. तुमचीच रीत आहे ना ती? स्टुलं ठेवायची असतील तर पांढरी."

मत घेतलं. पांढरी भरली, निळीत तळाला जेमतेम चार टॉवेल. मालकानं टाळ्या वाजवल्या. "छान! तुमचं मत कळलं. आता मी विचार करतो."

"विचार कसला? ठरलं ना?"

"मावशी, मत तुमचं. निर्णय ज्यांची मालकी आहे त्यांचा."

"म्हणजे पाहुण्याला काय खाणार म्हणून विचारायचं, आणि शिजलंय तेच वाढायचं!" हरकतबाई कडाडली. तो हसला. त्याला राग म्हणून यायचा नाही, ही आणखी एक कटकट.

आणि तेवढ्यात कुणीतरी सवयीनं पांढरी ट्रॉली धुलाईच्या दारातून आत ढकलली. स्क्रीनवर भराभर नावं उमटू लागली. मालक तिथंच उभा होता. त्यानं लगेच पाठ फिरवली आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही हं." कदाचित खरंच पाहिलं नसेल. पण त्याला पाहता आलं असतं, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

महिनाअखेरीला सगळ्यांचे नोकरीचे करार नव्यानं व्हायचे होते. मालक त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, की तुम्हाला विचार करायला वेळ मिळाला आहे, तर पुन्हा एकदा मत घेऊ. या खेपेला निळी भरली.

हरकतबाईचं टाळकं सटकलं. "याला मतदान म्हणता?" ती ऑफिसात ओरडली. "नाव दिसतंय, नोकरी तुमच्या हातात, आणि वर म्हणता मोकळे आहात!"

"मी कुणाला धमकी दिली का?"

"नाही."

"कुणाचं तोंड बंद केलं?"

"नाही हो, नाही! तेच तर डोकं फिरवणारं आहे!"

मग ड्रॉवरमधून कात्री काढून त्यानं तिच्या हातात दिली. "टॅग काढून टाका सगळ्यांचे. परत मत घ्या. जे ठरेल ते मी मान्य करीन, शब्द देतो."

हरकतबाईनं दुपारची सुट्टी त्यातच घालवली. एकेक टॉवेल घेऊन टॅग उसवला, कोपरे चाचपून पाहिले, आणि प्रत्येकीच्या हातात टॉवेल देताना बजावलं, "आता देवालासुद्धा कळणार नाही. घाबरू नका." बाया माना डोलावत होत्या. आता जिंकलोच, असं तिला वाटलं.

पाळी संपल्यावर पडदा सरकवला. निळी काठोकाठ भरलेली. पांढरीत एकच टॉवेल. त्याला टॅग नव्हता, आणि तो कुणाचा हे विचारायची कुणालाच गरज पडली नाही. मालकानं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलं गेली.

धाकटी जाऊ टेबलाच्या कडेला कोपर टेकून उभी होती. हरकतबाई तिच्यावर तुटून पडली. "तूसुद्धा? कुणाला दिसणार होतं गं? माझ्या हातानं काढले टॅग! तुझ्याच गुडघ्यांसाठी ओरडत होते ना मी?"

जावेनं चादरीचं टोक पुढे केलं. "तुमच्यावर विश्वास आहे, ताई. पण मी एकटीनंच पांढरीत टाकला आणि टॅग नसतानाही त्याला कळलं, तर? प्रत्येकीला हेच वाटलं असणार. मला उभं राहता येतं. रडतकुढत का होईना, येतं. पण घरी बसून नाही भागणार माझं."

हरकतबाईनं तोंड उघडलं. आता तिची हरकत कुणावर? मालकानं शब्द पाळला होता, बायांनी आपल्या मर्जीनं मत दिलं होतं, टॅग तिनंच उसवले होते. ज्याची कॉलर धरावी असं एकही माणूस त्या सगळ्या लॉन्ड्रीत उरलं नव्हतं.

"गाढव आहेस," ती म्हणाली. "आणि तुझ्याबरोबरच्या सगळ्याच गाढवं." मग जावेसमोरची चादरींची अर्धी चळत तिनं आपल्याकडे ओढली आणि शिव्या देत देत एकटीच घड्या घालू लागली.