टोमॅटोची तूट

बार्शीटाकळीजवळ शालिकरामचा भाजीचा लहानसा मळा होता. माणूस अबोल. अकोल्याच्या बाजारात अडत्या दर क्रेटमागे एक किलो तूट कापायचा; शालिकरामनं कधी हूं की चूं केलं नाही. सुटीच्या दिवशी मुलगी, करिश्मा, सोबत जाई आणि वजनाचा हिशेब तोंडी करी.

एप्रिलात ती पाचवीच्या परीक्षेत गणितात नापास झाली. पूर्वीच्या कायद्यात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नसत. आता तो बदलला होता.

"भाऊ, जूनमध्ये फेरपरीक्षा आहे," शाळेतल्या चंदा मॅडम म्हणाल्या. "तीही गेली, तर पुन्हा पाचवीतच बसावं लागेल."

त्यांनी पेपर उघडला. पाच क्रेट टोमॅटो, प्रत्येकात वीस किलो, एकूण किती? करिश्मानं लिहिलं होतं, पंच्याण्णव. लिंबांच्या उदाहरणातही सडकी म्हणून चार बाजूला काढली होती. शालिकरामचे कान तापले. मॅडम हसल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

"तुमचीच शिकवण हाये," घरी शकुन नवऱ्याला म्हणाली. "आता तुमीच सुधरवा."

मग मे महिन्यात रोज दुपारी बापलेक रिकामे क्रेट मांडून बसू लागले.

"पाच क्रेट. किती?"

"शंभर. तूट कापू?"

"पेपरात तूट नसते, बाई."

"मंग बाजारात काऊन असते?"

"माल सडते म्हणून."

"आपला कुठी सडते? तुमी तं निवडून भरता."

शालिकरामनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तू पेपराचं बोल."

जूनमध्ये करिश्मा पास झाली. त्या रविवारी ती बापासोबत बाजारात गेली. देवराव अडत्या सवयीनं म्हणाला, "पाच क्रेट, पंच्याण्णव."

करिश्मानं बापाकडे पाहिलं.

"शंभर," शालिकराम म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा म्हणावं लागलं.

"काहो, म्हातारपणी शाळेत जाऊन राहिले का?"

"हो. फेरपरीक्षा होती."

देवरावनं एका क्रेटमध्ये तळापर्यंत हात घालून पाहिलं. सडका एकही लागला नाही. "बरं, अठ्ठ्याण्णव लिवतो. आता बोलू नका."

शालिकरामनं पावती घडी करून खिशात घातली. परतीच्या ऑटोत करिश्मा म्हणाली, "बाबा, दोन गेले."

"जाऊ दे," तो म्हणाला. "काठावर तं पास झालो."